फूड प्रोडक्शनचं पहिलं वर्ष: ॲडमिशनपासून ट्रेनिंगपर्यंत

हॉटेलच्या किचनमध्ये काम करायचं असं ठरवून दहावी-बारावीनंतर चौकशीला निघालं की आधी गोंधळ होतो तो नावांचा. हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी, फूड प्रोडक्शन, कलिनरी आर्ट्स: प्रत्येक पाटी वेगळी, फी वेगळी. हा लेख फूड प्रोडक्शनसाठी, म्हणजे स्वयंपाकाच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी आहे. नवीन मुलं बरेचदा पाककृती पाठ करण्यात वर्ष घालवतात. किचनमध्ये माणूस टिकतो तो मात्र वजन, तापमान आणि कामाचा क्रम यांच्या जोरावर. पाककृती पुस्तकात केव्हाही सापडते. या तीन गोष्टी हातात बसाव्या लागतात, आणि त्यासाठी कॉलेजच्या किचनइतकी चांगली जागा पुढे मिळत नाही, कारण तिथे चूक झाली तर गिऱ्हाईक उपाशी राहत नाही.

कोणता कोर्स कोणासाठी

दहावी झाली आहे, लवकर कमवायला लागायचं आहे आणि घरावर मोठ्या फीचा भार नको, तर सरकारी आयटीआयमधला ‘फूड प्रोडक्शन (जनरल)’ हा एक वर्षाचा ट्रेड पाहा. ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ आणि ‘फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट’ हे त्याचे शेजारी. हे ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतात, त्यामुळे जवळच्या कोणत्या संस्थेत काय आहे हे फॉर्म भरण्याआधी बघून ठेवा. महाराष्ट्रात प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. त्या वर्षीची माहिती पुस्तिका पूर्ण वाचा आणि खरोखर जिथे जायचं आहे तोच विकल्प पहिला टाका. मित्राने टाकला म्हणून टाकलेला विकल्प पुढे वर्षभर निभवावा लागतो. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. ती पास झाली की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं आणि त्याच्या आधारावर हॉटेलात शिकाऊ उमेदवारी करता येते.

दुसरी वाट पर्यटन मंत्रालयाखालच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटची, म्हणजे आयएचएमची. मुंबईचं दादरचं आयएचएम १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झालं. हॉटेल शिक्षणातली ही देशातली पहिली संस्था. गोव्यात असं आयएचएम पर्वरीला आहे. यांपैकी काही संस्थांमध्ये दहावीनंतरचा दीड वर्षाचा फूड प्रोडक्शन आणि पॅटिसरीचा (केक-पेस्ट्रीचा) क्राफ्ट कोर्स चालतो. बारावीनंतरची तीन वर्षांची बी.एस्सी. ही पदवी वेगळी. तिला संयुक्त प्रवेश परीक्षा असते आणि बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. पदवीत किचनबरोबर सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, हिशेब सगळं येतं. पुढे मॅनेजर व्हायचं असेल तर ती घ्यावी. फक्त स्वयंपाकातच रस असेल तर क्राफ्ट किंवा आयटीआयने हात लवकर तयार होतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

खासगी कॉलेज बघत असाल तर ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका. सकाळी अकराच्या सुमाराला जा आणि चालू प्रॅक्टिकल बघायची परवानगी मागा. एका शेगडीमागे किती मुलं उभी आहेत ते मोजा. दोन असतील तर चांगलं, पाच-सहा असतील तर त्यातली तिघं वर्षभर नुसती बघतच राहणार. आठवड्यात प्रॅक्टिकल किती, कच्च्या मालाचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे, प्रमाणपत्र कोणाचं, संलग्नतेचं पत्र कुठे आहे, हे विचारा. घरी शाकाहार पाळत असाल तर मांस, मासे, अंडी हाताळावी लागतील का हेही ॲडमिशनच्या आधीच विचारा. सत्राच्या मध्यावर हा प्रश्न काढला की कोणाच्याच हातात काही राहत नाही.

अंगावर काय, पेटीत काय

पांढरा शेफ कोट, एप्रन, टोपी, गळ्याचा स्कार्फ, दोन डस्टर. कोट दुहेरी घडीचा असतो. त्याने छातीवर कापडाचे दोन थर येतात, त्यामुळे उकळतं काही उडालं तरी कातडीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पुढची बाजू डागाळली तर घडी उलटी घालता येते. बाह्या गुंडाळायची सवय लावू नका, तव्याच्या कडेला भाजतं ते मनगटाजवळच. डस्टर कोरडाच हवा. ओल्या फडक्याने गरम पातेलं धरलं की फडक्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तळहात पोळतो. बूट पुढून बंद, चामड्याचे किंवा सेफ्टी, न घसरणाऱ्या सोलचे. कापडी स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, कारण गरम तेल कापडातून थेट आत मुरतं. अंगठी, घड्याळ, मनगटावरचे धागे, वाढलेली नखं आणि नेलपॉलिश किचनच्या बाहेर ठेवायचं.

चाकूंचा मोठा सेट घेऊ नका. आठ इंची शेफ नाइफ, छोटा पॅरिंग नाइफ, सालकाढणी, पॅलेट नाइफ आणि धार सरळ करायची स्टील एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. पैसे उरले तर ते एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्यावर आणि खुपसायच्या थर्मामीटरवर घाला. कॉलेजात या वस्तू असतात, पण पंचवीस जणांत एक-दोनच.

पहिला महिना: चाकू, पाट आणि आग

चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं पसरा म्हणजे तो सरकणार नाही. डाव्या हाताची बोटं आत वळवून, नखं मागे ठेवून भाजी धरायची आणि पात्याची बाजू मधल्या पेरावर टेकवत चालवायची. बोथट चाकूने धारदार चाकूपेक्षा हात जास्त कापतो, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. काम सुरू करताना स्टीलवर साधारण २० अंशांच्या कोनात दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढा. चाकू साबणाच्या पाण्यात सोडून जाऊ नका, पुढचा माणूस न बघता हात घालतो. चाकू पडला तर पकडू नका, पाय मागे घ्या. दुसऱ्याला द्यायचा तर हातात न देता टेबलावर ठेवा.

बोर्डांचे रंग ठरलेले असतात: लाल कच्च्या मांसाला, निळा कच्च्या माशाला, हिरवा भाज्या-फळांना, पांढरा ब्रेड आणि दुधाच्या पदार्थांना. पिवळा आणि तपकिरी यांचा वापर किचनप्रमाणे बदलतो, तेव्हा भिंतीवरचा तक्ता बघून घ्या.

कटांची नावं तोंडपाठ असतात, मापं नसतात. ज्युलियन म्हणजे साधारण ३ मिलिमीटर जाड आणि ५ सेंटिमीटर लांब काडी. तीच आडवी ३ मिलिमीटरवर कापली की ब्रुन्वाज. सुरुवातीला गाजराच्या तुकड्यावर फूटपट्टी ठेवून खरंच मोजा. सारखं कापण्याचं कारण शोभेपुरतं नाही. जाड तुकडा कच्चा असताना बारीक तुकडा गाळ होतो, आणि मग मीठ-पाणी काहीही केलं तरी भाजी सुधारत नाही.

गॅसच्या बाबतीत आधी ज्योत, मग कॉक. उलट केलं की साचलेला गॅस भडकतो. वास आला तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका, पंख्याच्यासुद्धा नाही. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण टाका. पाणी टाकलं तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतलं काही नको.

इंडेंट: पुढची नोकरी इथे तयार होते

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी स्टोअरला मालाची यादी द्यायची असते, तिला इंडेंट म्हणतात. मुलं तो एकमेकांचा बघून लिहितात. असं करू नका. किचनचं गणित याच कागदावर शिकता येतं.

समजा ५० माणसांचा मटार पुलाव आहे. ताटात बाकीचे पदार्थ असतील तर माणशी ८० ग्रॅम कच्चा तांदूळ धरू, म्हणजे ४ किलो. सोललेला मटार माणशी २० ग्रॅम, म्हणजे १ किलो. आता शेंगा किती मागवायच्या? शेंगांतून साधारण ४० टक्के दाणे निघतात. नव्या मुलाचा हिशेब असा असतो: ६० टक्के वाया जातं, म्हणून १ किलोत ६०० ग्रॅम मिळवा आणि १ किलो ६०० ग्रॅम लिहा. पण त्या शेंगांतून दाणे निघतात ६४० ग्रॅम, आणि पुलाव शिजायला लागल्यावर मटार अपुरा पडतो. बरोबर रीत भागाकाराची आहे. लागणारं निव्वळ वजन भागिले उतारा, म्हणजे सोलून-निवडून हाती उरणारा भाग: १ ÷ ०.४० = २ किलो ५०० ग्रॅम.

भावही याच रीतीने निघतो. शेंगा ६० रुपये किलो असतील तर सोललेला मटार १५० रुपये किलो पडला. गोठवलेला मटार त्याहून स्वस्त मिळत असेल तर तो का घ्यायचा हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

बटाट्याचा उतारा साधारण ८० ते ८५ टक्के, कांद्याचा ९० च्या आसपास. फुलकोबी पानं-दांडे काढल्यावर निम्म्यावर येते. हे आकडे मोसमाप्रमाणे आणि हाताप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलला सोलण्याआधी आणि नंतर वजन करून वहीत मांडा. सहा महिन्यांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

चार माणसांच्या पाककृतीला २५ ने गुणून १०० माणसांची होत नाही, हेही इथेच कळतं. मोठ्या पातेल्यात आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, त्यामुळे पाणी कमी आटतं. गुणून पाणी घातलं तर रस्सा पातळ होतो. तिखट आणि गरम मसाला गुणाकाराच्या तीन चतुर्थांश घालून चव बघा, मग वाढवा. कमी पडलेला मसाला वाढवता येतो, जास्त झालेला काढता येत नाही.

किंमत ठरवायची रीतही सोपी आहे. एका प्लेटच्या मालाचा खर्च ६० रुपये आणि फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या किमतीतला मालाचा वाटा, ३० टक्के ठेवायची असेल, तर ६० ÷ ०.३० = २०० रुपये.

एक सॉस नीट करून बघू: बेशामेल

बेशामेल म्हणजे दूध, लोणी आणि मैद्याचा पांढरा सॉस. पहिल्या सत्रात बहुतेकांचं याच सॉसवर अडतं. साहित्य: दूध १ लिटर, लोणी १०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, दोन-तीन लवंगा टोचलेला छोटा कांदा, तमालपत्र, मीठ, पांढरी मिरपूड, थोडं जायफळ.

दुधात कांदा आणि तमालपत्र घालून तापवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी वितळवा, मैदा एकदम घाला आणि लाकडी चमच्याने चार-पाच मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या बिस्किटासारखा हलका वास आला आणि मिश्रण ओल्या वाळूसारखं सुटं दिसू लागलं की उतरवून दोन-तीन मिनिटं निवू द्या. पहिला डावभर गरम दूध घालून पूर्ण एकजीव होईपर्यंत घोटा. मग दुसरा, मग तिसरा. अर्धं दूध गेल्यावर उरलेलं सलग ओतलं तरी चालतं. उकळी आली की आच अगदी कमी करून २० ते ३० मिनिटं बुडापासून ढवळत शिजवा, गाळा आणि वर लोण्याचा हात फिरवा म्हणजे साय धरणार नाही.

गुठळ्या होतात त्या सगळं दूध एकदम ओतल्याने. मैद्याच्या गोळीचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. अशा वेळी जोरात फेटून गाळून घ्या, सॉस वाचतो. तोंडात पीठ लागत असेल तर शिजवण्याचा वेळ कमी पडलाय. सॉस पातळ राहिला तर बहुधा मैदा वाटीने घेतलेला असतो. वाटीभर मैदा आणि वाटीभर लोणी यांचं वजन सारखं नसतं, मैदा बराच हलका भरतो. मैदा तांबूस झाला तरीही दाटपणा कमी येतो, कारण जास्त भाजलेल्या पिठाची घट्ट करायची ताकद उतरते. राखाडी झाक आली तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तारेचा व्हिस्क घासला गेलाय.

ही सगळी कारणं वहीत लिहा. तोंडी परीक्षेत ‘कसं करतात’ यापेक्षा ‘असं का झालं’ हेच जास्त विचारतात.

गरम, गार आणि मधलं

५ ते ६० अंश सेल्सियस हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. गार ठेवायचं ते ५ च्या खाली, गरम ठेवायचं ते ६० च्या वर, डीप फ्रीझर उणे १८ वर. उरलेलं शिजलेलं अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत यायला हवं.

चुकतं ते खोल पातेल्यात. वीस लिटर डाळ झाकून ओट्यावर ठेवली तर मध्यभागी ती रात्रभर कोमट राहते. तशीच फ्रीजमध्ये ढकलली तर शेजारचं दूधही तापतं. पसरट ट्रेमध्ये पाच-सात सेंटिमीटर थरात ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळा, मग फ्रीज. भाताला जास्त जपावं लागतं. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी सोडलेलं विष पुन्हा फोडणी दिल्यावरही जात नाही. फ्रीजमध्ये कच्चं मांस खालच्या कप्प्यात आणि शिजलेलं वर, म्हणजे ठिबकलं तरी नुकसान नाही. प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव, तारीख आणि वेळ लिहा.

तळणीच्या तेलाला कायद्याची मर्यादा आहे: एकूण ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. तेल काळपट, चिकट झालं आणि मध्यम आचेवरच धूर द्यायला लागलं की ते काढायची वेळ झाली.

सर्व्हिसची तोंडओळख

किचनच्या मुलांनी सर्व्हिसचे तास बुडवू नयेत. प्लेट खिडकीतून बाहेर गेल्यावर तिचं काय होतं ते तिथे कळतं. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार आत, म्हणजे प्लेटकडे. एका माणसाची जागा साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटर. ताटलीतून वाढायचं ते डावीकडून, पेय ओतायचं उजवीकडून.

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस

मेनू हातात आला की गॅस पेटवायच्या आधी दहा मिनिटं कागदावर द्या. वाढायची वेळ तळाशी लिहा आणि उलटं वर चढत जा. समजा एक वाजता टोमॅटो सूप, पुलाव, एक भाजी आणि कॅरामल कस्टर्ड द्यायचं आहे. सगळ्यात आधी कस्टर्ड, कारण त्याला शिजायला आणि गार व्हायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो: ५०० मिलि दूध, ४ अंडी, मिश्रणात ५० ग्रॅम साखर, कॅरामलला वेगळी १०० ग्रॅम. साचे गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १६० अंशांवर ३५ ते ४५ मिनिटं. ट्रेमधलं पाणी खदखदलं तर अंड्यातलं प्रथिन आकसतं आणि कस्टर्डला जाळी पडते. परीक्षक कापून पहिली तीच बघतात. कस्टर्ड ओव्हनमध्ये गेलं की तांदूळ अर्धा तास भिजत, सूपचा टोमॅटो शिजत, त्या वेळात भाजी चिरायची. हिरवी भाजी सगळ्यात शेवटी, उघड्या पातेल्यात भरपूर उकळत्या मिठाच्या पाण्यात. झाकण ठेवलं की भाजीतलं आम्ल वाफेबरोबर बाहेर पडत नाही आणि रंग शेवाळी होतो. सोडा घालून रंग राखू नका, भाजी लिबलिबीत होते.

ओटा प्रत्येक टप्प्यानंतर पुसा. स्वच्छतेचे आणि कामाच्या क्रमाचे गुण वेगळे असतात, आणि चव चांगली असूनही मुलं मागे पडतात ती तिथेच. वाढण्यापूर्वी गरम पदार्थाची प्लेट गरम आणि गारची गार करून ठेवा. प्रत्येक पदार्थ स्वच्छ चमच्याने चाखा. न चाखता दिलेली प्लेट चाणाक्ष परीक्षकाला लगेच कळते.

ट्रेनिंगला जाताना

हॉटेल निवडताना नावापेक्षा विभाग बघा. बँक्वेट म्हणजे समारंभांच्या जेवणाचा विभाग, इंडियन, कॉन्टिनेंटल, गार्ड मांजे म्हणजे थंड पदार्थांचा विभाग, आणि बेकरी, यांत फिरवतील का हे कॉलेजमार्फत लेखी घ्या. कामाचे तास, विद्यावेतन, जेवण आणि रात्रपाळीनंतर घरी सोडायची सोय पत्रात असू द्या. मुलींच्या बाबतीत शेवटचा मुद्दा पालकांनी स्वतः विचारावा.

पहिले काही आठवडे कांदे सोलण्यात आणि कोथिंबीर निवडण्यात जातील. ते प्रत्येकाचेच जातात. पण तीन महिन्यांनंतरही तेच चाललं असेल तर गप्प बसू नका. दिलेलं काम वेळेच्या दहा मिनिटं आधी संपवा, ओटा साफ करा आणि विभागाच्या सीडीपीला (शेफ द पार्टी, म्हणजे त्या विभागाचा प्रमुख शेफ) सरळ विचारा: ‘शेफ, कांदा झाला. ग्रेव्हीला शेजारी उभा राहू का?’ सर्व्हिसच्या गर्दीत नाही, दुपारी साडेतीन-चारला, किचन शांत असताना. बहुतेक वेळा हो म्हणतात. तरीही बदल झाला नाही तर कॉलेजच्या ट्रेनिंग को-ऑर्डिनेटरला सांगा, ते त्यांचंच काम आहे.

खिशात छोटी वही ठेवा. मखनी ग्रेव्हीत दहा किलो टोमॅटोला काजू किती गेले, कोणत्या भट्टीवर किती वेळ, हे त्याच दिवशी टिपा. लॉगबुकवर, म्हणजे ट्रेनिंगमधल्या कामाच्या नोंदवहीवर, सही रोज किंवा आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी सहा महिन्यांच्या सह्या मागायला गेलं की शेफ सुट्टीवर असतात.

निघताना तीन कागद हातात हवेत: विभागवार तारखांसह ट्रेनिंगचं प्रमाणपत्र, सही-शिक्क्याचं लॉगबुक, आणि वैद्यकीय तपासणीचा दाखला. अन्न हाताळणाऱ्यांची तपासणी दरवर्षी करावी लागते, त्यामुळे ताजा दाखला असेल तर नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी किचनमध्ये उभं राहता येतं. जमल्यास एफएसएसएआयचं (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) फॉस्टॅक हे अन्न सुरक्षेचं प्रशिक्षणही करून घ्या. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक ठेवणं हॉटेलांना बंधनकारक आहे, आणि कॉमी, म्हणजे किचनमधला सुरुवातीच्या हुद्द्याचा शेफ, म्हणून अर्ज करताना ते प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर मुलाखतीत त्याबद्दल हमखास विचारतात.